समुद्र, सायकल आणि हिरवा झेंडा

सगळा दोष मेहुण्याच्या नव्या गाडीचा. तिला वरून उघडणारं छप्पर होतं, मागच्या खिडक्यांना पडदे होते आणि ती बोलायची. "कृपया पट्टा लावा," असं ती इतक्या अजिजीने म्हणायची की तपासनिसांनी लावलेला पट्टा सोडून पुन्हा लावला होता. जेवायला बसल्यावर मेहुण्याने गाडीचा विषय काढला तो हात धुऊन झाले तरी संपेना. सुट्टीत तो मुलांना घेऊन समुद्रावर जाऊन आला होता. सकाळी निघाले आणि दुपारच्या जेवणाला तिथे.

"तुमचं काय, भाऊजी? यंदा तरी कुठे जाणार, की नेहमीचंच बघू-बघू?"

हे 'बघू-बघू' तपासनिसांच्या वर्मी लागलं. ते हात पुसत म्हणाले, "आम्हीही समुद्रावरच जाणार आहोत. मी आणि खारू. सायकलने."

आपण हे का म्हणालो ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मेहुणा हसायचा थांबला, बायकोने ताटं उचलता उचलता त्यांच्याकडे पाहिलं, आणि खारू पाण्याचा पेला तोंडाशी धरून तशीच राहिली. खारू म्हणजे त्यांची मुलगी, चौथीतली. पुढचे दोन दात मोठे आणि एका जागी बसणं ठाऊक नाही, म्हणून आधी खार, मग लाडाने खारू.

"खरंच, बाबा?" तिने विचारलं.

शब्द मागे घ्यायची ती शेवटची संधी होती. पण मेहुणा समोर होता. "खरंच," तपासनीस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी चौथीच्या वर्गात पोहोचली आणि तिथे तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. खारूच्या बाकावरची मुलगी म्हणाली, थापा मारू नकोस, सायकलने कोणी समुद्रावर जातं का. तेव्हा खारूने सगळ्यांसमोर सांगून टाकलं की समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणीन आणि तुला पाजीन. घरी आल्याबरोबर तिने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुतली, उलटी करून वाळवली आणि खिडकीत ठेवली.

तपासनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत दावे तपासण्याच्या टेबलावर त्यांची हयात गेली होती आणि ते टेबल त्यांच्याबरोबर घरी यायचं. सोसायटीत कुणाची कुंडी पडून फुटली तरी ती कुठे ठेवली होती, तेव्हा वारा होता का, आणि याआधी ती कधी पडली होती का, हे विचारल्याशिवाय ते जिना चढत नसत. त्यांच्या हातून 'पुराव्याअभावी नामंजूर' असा शेरा इतक्या वेळा लिहून झाला होता की नवीन पेन घेताना दुकानात ते हेच चार-दोनदा लिहून बघत. सायकल त्यांनी कॉलेजात असताना चालवली होती. तीही जाताना, कारण जाताना उतार होता. येताना ते ती हातात धरून आणत.

दिवसभर ज्याच्या टेबलावर अपघातच येतात त्या माणसाला प्रवासाची आखणी करायला सांगू नये. समुद्र सायकलने दोन दिवसांच्या वाटेवर होता, मध्ये एक मुक्काम. एवढ्या रस्त्यात काय काय होऊ शकतं याचे दाखले तपासनीस रोज संध्याकाळी ऑफिसातून घेऊन येत. एकाच्या चाकात स्वतःचाच मफलर अडकला होता. एका गृहस्थाला उभ्या ट्रकने धडक दिली होती, निदान अर्जात तरी त्यांनी तसंच लिहिलं होतं. बायको म्हणायची, "अहो, जे धडपणे पोचतात ते तुमच्याकडे अर्ज करत नाहीत." यावर तपासनिसांनी हेल्मेटं आणली.

हेल्मेटांपाठोपाठ आरसे आले, शिट्ट्या आल्या, अंधारात चमकणारी जाकिटं आली आणि स्वतः तपासनिसांसाठी सायकल आली. दुकानात त्यांनी फ्रेमची गॅरंटी किती, असं विचारलं. सायकलवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "फ्रेमची आहे साहेब, बसणाऱ्याची नाही." ही सायकल तपासनिसांनी घरी आणली ती हातात धरून.

आता सोसायटीत सायकल आली म्हणजे सल्ले आलेच. शेजारी भूगोलाचे निवृत्त मास्तर राहत. त्यांना कित्येक वर्षांत कोणी भूगोल विचारला नव्हता. बायको सहज बोलून गेली की समुद्राकडे म्हणजे सगळा उतारच असेल, पाणी नाही का तिकडेच वाहत जात. मास्तर हे ऐकून खुर्चीतून उठले, घरी गेले आणि नकाशांची गुंडाळी घेऊन परत आले. त्या संध्याकाळी तपासनिसांच्या घरात स्वयंपाक झाला नाही. मास्तरांच्या मते मध्ये दोन डोंगर होते, शिवाय या दिवसांत वारा समुद्राकडून येतो, म्हणजे तोंडावर. "महिनाभर थांबा," मास्तर म्हणाले. "वारा वळू द्या."

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी जिन्यातच खारूची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "हे दोन दात घेऊन तू रस्त्यावर पडायला निघालीस?" त्यांनी खारूसाठी दातांवर बसवायचं रबरी कवच करून दिलं. ते घातल्यावर तिला बोलता येईना. ती हातवारे करून काहीतरी सांगायला लागली आणि बायको म्हणाली की एवढी शांतता घरात प्रथमच लाभते आहे, डॉक्टरीणबाईंचे उपकार फिटायचे नाहीत.

वारा वळेपर्यंत नुसतं बसून राहणं तपासनिसांना पटेना. त्यांनी सोसायटीच्या आवारात रंगीत तालीम सुरू केली. पाण्याच्या टाकीला फेऱ्या, सामानासकट. पुढे ते, मागे खारू. दर फेरीला ते मान न वळवता ओरडत, "मागे राहा, पण फार मागे राहू नकोस." वळण आलं की आरसा, आरसा झाला की हात, हात झाला की शिट्टी. डावी कड सोडायची नाही. चुकामूक झाली तर घाबरायचं नाही, रडायचं नाही, कोणाबरोबर जायचं नाही, गावाबाहेरच्या पुलापाशी कठड्याला टेकून थांबायचं. तेवढा पुलापर्यंतचा रस्ताही त्यांनी तिच्याकडून इतक्या वेळा करून घेतला की पुलाजवळचा पंक्चरवाला यांना बघितलं की नुसताच हात हलवायचा. खारूला हे सगळं तोंडपाठ झालं. तपासनिसांना मात्र तिसऱ्या फेरीतच दम लागायचा आणि ते ब्रेक तपासायच्या निमित्ताने उतरायचे. शेवटी फलकावर सूचना लागली की सभासदांनी आवारात लांब पल्ल्याचे प्रवास करू नयेत. खाली सेक्रेटरींची सही होती. तपासनिसांनी ती दोनदा वाचली आणि पुढचे काही दिवस सेक्रेटरींच्या नमस्काराला उत्तर दिलं नाही.

वारा वळला तेव्हा मुक्कामाचा प्रश्न उभा राहिला. वाटेत एकच राहण्याजोगी जागा होती, सरकारी विश्रामगृह, आणि त्याची नोंदणी गावातल्या कचेरीत व्हायची. तपासनीस तिथे गेले.

"गाडी नंबर?" कारकुनाने विचारलं.

"आम्ही सायकलने जाणार आहोत."

"बरं. सायकलचा नंबर?"

"सायकलला नंबर नसतो."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मग पायी आलात असं धरावं लागेल. पायी येणाऱ्यांना खोली देता येत नाही. ती जागा वाहनाने दौऱ्यावर येणाऱ्यांसाठी आहे."

"पण सायकल हे वाहनच आहे ना?"

"मी कुठे नाही म्हणतोय? नंबर सांगा, लगेच लिहितो."

आयुष्यभर लोकांना कलमं दाखवून परत पाठवलेल्या माणसाला असं परत यावं लागलं, त्याचा त्यांना भारी त्रास झाला. रात्रभर विचार करून त्यांनी तोडगा काढला आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांनी मेहुण्याच्या गाडीचा नंबर लिहून दिला. खोली मिळाली. पण नंबर दिला म्हणजे ती गाडी विश्रामगृहाच्या दारात दिसायला हवी, आणि गाडी दिसायची तर ती चालवत मेहुणाही यायला हवा.

"मी मागून हळूहळू येतो की," मेहुणा उदारपणे म्हणाला. "तुम्ही दमलात तर बसा आत. गार हवा असते." गाडी येणार म्हटल्यावर बायकोने स्वतःची पिशवी भरली. मागे दोन जागा रिकाम्या राहतात म्हटल्यावर मास्तर डोंगर दाखवायला आणि डॉक्टरीणबाई दात सांभाळायला निघाल्या. सायकलच्या सहलीला आता सायकलवाले दोन आणि गाडीतले चार असा हिशेब झाला.

उरली रजा. रजेच्या अर्जात आजारपण, लग्न, मृत्यू आणि इतर असे चारच रकाने होते. तपासनिसांनी 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, मुलीसोबत समुद्रापर्यंत सायकल प्रवास. अर्ज वर गेला आणि बरेच दिवस खाली आलाच नाही. चौकशी केल्यावर कळलं की 'सायकल' हा शब्द पाहून कोणीतरी तो अपघात विभागाकडे पाठवला होता आणि त्या विभागाने 'अपघात झाल्यावर अर्ज करावा' असा शेरा मारला होता. हा शेरा रद्द करून घेता घेता अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब त्याच सुमारास 'सुरक्षित प्रवास' मोहिमेसाठी काहीतरी शोधत होते.

त्यांनी तपासनिसांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहासुद्धा दिला. "ही आता आपली मोहीम," साहेब म्हणाले. "मी स्वतः हिरवा झेंडा दाखवणार." 'आपली' हा शब्द ऐकून तपासनिसांनी चहाचा कप खाली ठेवला. पण साहेबांना नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती, आणि मुख्य म्हणजे रजा मंजूर झाली होती.

मग तारीख साहेबांच्या सोयीने ठरू लागली. एका रविवारी साहेब गावात नव्हते. त्याच्या पुढच्या रविवारी होते, पण छापून आलेल्या फलकावर सायकलऐवजी मोटरसायकल होती. त्यानंतर साहेबांचा घसा बसला आणि घशाशिवाय झेंडा दाखवणं त्यांना मंजूर नव्हतं. प्रत्येक वेळी तपासनीस घरी येऊन कारण समजावून सांगायचे. कारणं सगळी रास्त होती. सुरुवातीला खारू विचारायची, मग पुढचा रविवार नक्की ना? मग ती नुसतीच "बरं" म्हणायला लागली. मग तेही म्हणेनाशी झाली.

एका संध्याकाळी ते खिडकी लावायला गेले तेव्हा त्यांना बाटली दिसली. औषधाची ती बाटली बटणांनी भरलेली होती. लाल, निळी, शर्टाची, कोटाची, गळ्यापर्यंत बटणं आणि वर घट्ट झाकण. स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "खारू, तुमचं जाण्याचं कुठवर आलं गं?" आणि खारू पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, "बाबांनी अजून मंजूर केलं नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर तपासनिसांना बरं वाटलं असतं. त्यांच्या टेबलापुढे अशा स्वरात बोलणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती, चौथ्या-पाचव्या खेपेनंतर ती अशीच बोलत आणि मग यायची बंद होत. त्यांना फार वाईट वाटलं. ते तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "या रविवारी, खारू. सकाळी सहाला निघायचं. सहा म्हणजे सहा. आभाळ कोसळलं तरी."

खारूने त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. ते स्वतः अर्जदाराकडे बघत तसंच.

"बघू," ती म्हणाली.

रविवार उजाडला. आभाळ काही कोसळलं नाही, पण साहेबांनीही नेमका हाच रविवार धरला होता, त्यामुळे सोसायटीच्या फाटकात टेबल आलं, खुर्च्या आल्या, माइक आला आणि दुरुस्त केलेला फलक आला. त्यावर या वेळी सायकलच होती, फक्त तीवर बसलेल्या माणसाला साहेबांचा चेहरा होता. मेहुणा छप्पर उघडून गाडीत बसला होता. मास्तरांच्या गळ्यात होकायंत्र होतं. डॉक्टरीणबाई कवचाची डबी घेऊन खारूला शोधत होत्या. गाडी मधूनमधून "कृपया पट्टा लावा" म्हणत होती. ज्यांनी फलकावर लांब पल्ल्याची ती सूचना लावली होती ते सेक्रेटरी पहिल्या रांगेत इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते, हे बघून तपासनिसांचं डोकं आणखीच फिरलं.

साहेब वेळेवर आले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. ते माइकपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी फार वेळ घेणार नाही." हे वाक्य तपासनिसांनी ऑफिसात अनेकदा ऐकलं होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सहाला थोडा अवकाश होता. साहेबांनी चाकाच्या शोधापासून सुरुवात केली.

तपासनिसांची सायकल शेजारी उभी होती, म्हणजे स्टँड तिला कसाबसा तोलून धरत होता. तिच्यावर दोन्ही बाजूंना पिशव्या होत्या. त्यांत सुटे टायर, दोर, औषधं, तंबू, स्टोव्ह, तिघांना पुरतील असे रेनकोट आणि मास्तरांची नकाशांची गुंडाळी होती. साहेब बैलगाडीपर्यंत आले तेव्हा स्टँडने मान टाकली. सायकल आधी फलकावर गेली, फलक टेबलावर गेला, आणि टेबलावरचा पाण्याचा तांब्या सेक्रेटरींच्या इस्त्रीवर गेला. माइक किंचाळला. चार माणसं सायकल उचलायला धावली आणि ती उचलता येईना, कारण प्रत्येक जण आपल्याकडे ओढत होता. तपासनीस सगळ्यांची माफी मागत होते. साहेब एका हातात झेंडा धरून शांतपणे उभे होते आणि म्हणत होते की मी थांबतो, मी थांबतो.

सगळं पुन्हा उभं राहिलं. साहेबांनी घसा साफ केला आणि, सगळ्यांची लिंक तुटली असेल म्हणून, परत चाकाच्या शोधापासून सुरुवात केली. तपासनिसांनी खारूला डोळ्यांनी शोधलं. ती दिसली नाही. तिची सायकलही दिसली नाही. फाटकाजवळ डॉक्टरीणबाई रिकामी डबी हातात घेऊन उभ्या होत्या.

"कवच घेऊन गेली की," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुम्हीच सांगितलंत."

घड्याळात सहा वाजून गेले होते.

आजवर वाचलेला प्रत्येक अर्ज त्या क्षणी तपासनिसांच्या डोळ्यांपुढून गेला. मफलर गेला, उभा ट्रक गेला. त्यांनी पिशव्यांचे पट्टे ओरबाडून काढले, तंबू आणि स्टोव्ह साहेबांच्या पायाशी पडले, आणि मोकळी सायकल घेऊन ते फाटकाबाहेर पडले. मागून साहेबांचा "अहो, झेंडा" असा आवाज आला. त्यांना हेही आठवत नव्हतं की तिसऱ्या फेरीला आपल्याला दम लागतो. दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या मधून ते हेल्मेटाशिवाय, आरशात न बघता, शिट्टी न वाजवता, चक्क उजव्या कडेनेसुद्धा सायकल हाणत सुटले. आपला स्वतःचा दावा आता कोणीही नामंजूर केला असता, हे त्यांना पुढे पुष्कळ दिवस आठवत राहिलं.

पुलापाशी खारू होती. सायकल कठड्याला टेकवलेली, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावलेला, जाकीट अंगात, तोंडात डॉक्टरीणबाईंचं कवच. पंक्चरवाला दुकानाची फळी उघडत मधूनमधून तिच्याकडे लक्ष ठेवत होता.

तपासनीस उतरले, म्हणजे पडलेच. रस्ताभर त्यांनी मनात जे काही जुळवून ठेवलं होतं ते बोलायला श्वास नव्हता. खारूने कवच काढून खिशात ठेवलं.

"सहा वाजले होते," ती म्हणाली. "तू म्हणालास ना, सहा म्हणजे सहा."

"मला न सांगता... एकटी..."

"सांगत होते, पण तू माफी मागत होतास. मग आपली चुकामूक झाली. चुकामूक झाली की पुलापाशी थांबायचं. मी डावी कड सोडली नाही. वळणावर शिट्टी पण वाजवली." तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. "तुझं हेल्मेट कुठेय?"

रागवायला हवं होतं हे तपासनिसांना कळत होतं, पण तिने नेमका कोणता नियम मोडला ते शोधून सापडेना. तिच्या हँडलला औषधाची बाटली दोऱ्याने बांधलेली त्यांना दिसली. बटणं काढलेली, धुतलेली, रिकामी. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांत घाम गेला असेल म्हणून त्यांनी ते बाहीने पुसले.

खिशातला फोन वाजत होता. बायकोचा होता. "सापडली का?" तिने विचारलं. मागे माइकवर साहेब अजून बोलत होते.

"सापडली. पुलापाशी आहे, सुखरूप." तपासनिसांनी दम घेतला. "आम्ही पुढे निघतोय. पिशव्या गाडीत टाका आणि माझं हेल्मेट तेवढं आधी पाठवा."

"अहो, पण साहेब झेंडा धरून उभे आहेत."

"बघू," तपासनीस म्हणाले आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने मेहुणा आला, उघड्या छपरातून डोकं काढून त्याने हेल्मेट दिलं आणि उरलेल्यांना आणायला परत गेला. पुलापलीकडे रस्त्याला फाटा होता. नकाशांची गुंडाळी साहेबांच्या पायाशी पडली होती, आणि पुढचा रस्ता मास्तरांशिवाय कसा कळणार या विचाराने तपासनीस घुटमळले. खारूने समोर बोट दाखवलं. तिथे मोठी पाटी होती, तीवर समुद्रकिनारा असं लिहून बाण काढलेला होता.

खारू सायकलवर बसली. आरशात पाहिलं, हात दाखवला, शिट्टी वाजवली आणि निघाली. तपासनीस तिच्या मागे. रस्त्याला चढ होता आणि मास्तरांच्या मते वळलेला वारा अजून तोंडावरच येत होता. थोडं पुढे गेल्यावर तिने मान न वळवता ओरडून सांगितलं.

"बाबा, मागे राहा, पण फार मागे राहू नकोस."